वेसण आणि वाण

नाशकात रामकुंडाजवळच्या पायऱ्या चढून वर गेलं की कपालेश्वराचं देऊळ लागतं. महादेवाच्या देवळात शिरताना हात सवयीने नंदीच्या पाठीकडे जातो. इथे तो रिकामाच परत येतो, कारण कपालेश्वरासमोर नंदी नाही.

का नाही, याची गोष्ट अशी सांगतात. ब्रह्मदेवाचं पाचवं मुख छाटल्यामुळे शंकराला ब्रह्महत्येचं पातक लागलं आणि ते फिटावं म्हणून तो भटकत होता. एका ब्राह्मणाच्या दारात त्याला गाय आणि वासरू बोलताना ऐकू आली. वासरू म्हणत होतं, उद्या धनी माझ्या नाकात वेसण घालायला येणार. आला की मी त्याला मारणार. गाय म्हणाली, बाळा, पातक लागेल. वासरू म्हणालं, ते फेडायचं कुठे ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. शिंग लागून ब्राह्मण मेला आणि पांढरंशुभ्र वासरू काळंठिक्कर पडलं. ते धावत जाऊन गोदावरीत उतरलं आणि पुन्हा पांढरं होऊन बाहेर आलं. मागोमाग शंकरानेही तिथे स्नान केलं, त्याचंही पातक गेलं. तेव्हापासून नंदी शंकराचा गुरू ठरला. गुरूला आपल्यासमोर कसं बसवायचं? म्हणून जागा मोकळी.

या गोष्टीतला वासराचा राग मला फार खरा वाटतो. त्याला कोणी मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. त्याचा विरोध वेसणीला आहे. नाकपुड्यांमधल्या मऊ पडद्यातून दोरी ओवली की चारशे-पाचशे किलोचं जनावर शाळकरी पोराच्या हातात येतं, कारण ओढ बसली की तिथे कळ उठते. जनावर ताब्यात ठेवायची इतकी स्वस्त युक्ती माणसाला दुसरी सापडली नसेल. पण तिला एक मर्यादा आहे. वेसण त्या एकाच नाकात असते. वासराचं नाक पुन्हा टोचावं लागतं, त्याच्या वासराचंही.

दुसरा मार्ग वाणाचा. शांत गाय ठेवायची, मारकी विकून टाकायची. मवाळ आईचा गोऱ्हा वळू म्हणून राखायचा, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या करत राहायचं. मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, आपण ते एकमेकांत मिसळतो. माणसाळतं ते एक जनावर. पाळीव होते ती अख्खी जात. हत्ती हे नेहमीचं उदाहरण. आपल्याकडे हजारो वर्षं हत्ती लढाईत, मिरवणुकीत, लाकडं ओढायला वापरले, पण जवळजवळ प्रत्येक पिढी रानातून धरून आणावी लागली. माणसाच्या घरी हत्तीची वीण सहसा झाली नाही, मग निवड कसली होणार? हत्ती माणसाळला, पाळीव झाला नाही. बैलाचं मात्र दोन्ही झालं. त्यात वेसणीचा वाटा किती आणि वाणाचा किती, हा या लेखाचा विषय.

स्वभाव रक्तात उतरतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. 'खाण तशी माती' ही म्हण त्याचीच. पण निवडीने स्वभाव किती बदलतो, किती लवकर बदलतो आणि स्वभावाबरोबर शरीरात आणखी काय काय हलतं, हे मोजून बघायला सैबेरियापर्यंत जावं लागतं.

द्मित्री बेल्यायेव हा सोव्हिएत जनुकशास्त्रज्ञ. त्याच्या देशात त्या काळी लिसेन्कोचं राज्य होतं. जनुकशास्त्र म्हणजे भांडवलदारी थोतांड अशी सरकारी समजूत होती. बेल्यायेवचा मोठा भाऊ निकोलायही जनुकशास्त्रज्ञ; त्याला १९३७ मध्ये गोळी घालून मारण्यात आलं. अशा वातावरणात बेल्यायेवने एक साधा प्रश्न घेतला: लांडग्याचा कुत्रा झाला तो कसा? कान पडले, शेपूट वळली, अंगावर ठिपके आले, हे सगळं माणसाने एकेक करून निवडलं असेल का? की माणसाने फक्त एकच गोष्ट निवडली, न बुजणं, आणि बाकीचं त्यामागून ओढत आलं?

१९५९ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या संस्थेत प्रयोग सुरू झाला. पुढे तो ल्युडमिला त्रुत या संशोधिकेने चालवला, आयुष्यभर. फरसाठी कोल्हे पाळणाऱ्या फार्मांमधून त्यांनी ३० नर आणि १०० माद्या घेतल्या. 'सिल्व्हर फॉक्स' म्हणतात ते हे चंदेरी कोल्हे. त्यांना कोणी शिकवायचं नाही, लळा लावायचा नाही, ही अट होती. ठरावीक वयात पिंजऱ्यात हात घालायचा आणि पिल्लू काय करतं ते टिपायचं. चावतं? कोपऱ्यात दबून बसतं? की जवळ येतं? सगळ्यात कमी बुजणारे निवडायचे, नरांमध्ये शंभरातले जेमतेम पाच, माद्यांमध्ये वीसेक, आणि पुढची पिढी फक्त त्यांचीच. माणसाळवणं वजा केलं होतं, नुसती निवड उरली होती. वेसण नाही, फक्त वाण.

चौथ्या पिढीत काही पिल्लं माणूस दिसताच शेपूट हलवू लागली. सहाव्या पिढीत काही पिल्लं कुत्र्याच्या पिल्लासारखी कुंई कुंई करत हात चाटायला आली. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग करावा लागला. दहाव्या पिढीत अशी पिल्लं १८ टक्के होती, विसाव्या पिढीत ३५ टक्के. चाळीसेक वर्षांत बहुतेक सगळीच तशी झाली.

शरीराच्या आत काय घडत होतं ते जास्त रंजक आहे. घाबरलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ताणाचं संप्रेरक सोडतात. बारा पिढ्यांच्या निवडीनंतर या कोल्ह्यांच्या रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, पुढे आणखी निम्म्यावर. मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं. आणि बालपण लांबलं. साध्या कोल्ह्याच्या पिल्लाला सहाव्या आठवड्याच्या सुमाराला नव्या गोष्टींची भीती वाटू लागते, मग ते कोणाला जवळ करत नाही. निवडलेल्या पिल्लांत ही भीती नवव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याहून पुढे गेली. म्हणजे जगाशी ओळख करून घ्यायची खिडकी आणखी तीन आठवडे उघडी राहिली. माणूस त्या खिडकीतूनच आत येतो.

याच संस्थेत उलट दिशेचाही एक कळप वाढवला गेला: जे सगळ्यात जास्त अंगावर येतात त्यांचीच वीण. या कोल्ह्यांच्या पिंजऱ्यासमोर उभं राहिलं तरी ते किंचाळत जाळीवर झेप घेतात. त्यांचे भ्रूण शांत माद्यांच्या गर्भात वाढवून पाहिले. जन्मलेली पिल्लं शांत आईच्या कुशीत वाढूनही तिखटच निघाली. आईचे संस्कार वगैरे आपण म्हणतो, त्यातला निदान एवढा भाग कुशीबाहेरचा होता. १९७०च्या दशकात त्यांनी रानटी उंदरांवर हाच खेळ केला. तिथेही दोन कळप झाले, एक हातात घेता येणारा आणि एक हातमोजे घालूनही नको वाटणारा.

आता सावधपणे वाचायची गोष्ट. या कोल्ह्यांच्या कपाळावर पांढरा चांद आला, काहींचे कान पडले, शेपट्या वळल्या, आणि जगभर मथळे झाले की शांत स्वभाव निवडला की ठिपके फुकट मिळतात. २०१४ मध्ये याची एक सुरेख उपपत्तीही मांडली गेली. गर्भात पाठीच्या कण्याजवळून निघणाऱ्या एका पेशीसमूहातूनच रंगाच्या पेशी होतात, कानाची कूर्चा होते आणि त्या ताणग्रंथीचा एक भाग होतो. तेव्हा भीती कमी करणारी निवड या पेशींनाच मंद करत असेल, आणि रंग कपाळापर्यंत पोचायच्या आत संपत असेल. पण २०१९ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की सैबेरियात गेलेल्या कोल्ह्यांचे पूर्वज कॅनडातल्या फार्मांवर आधीच कित्येक पिढ्या वाढले होते, आणि असे ठिपके तिथेही दिसले होते. स्वभाव बदलला हे पक्कं. ठिपके त्यामुळेच आले, हे तेवढं पक्कं नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आता आपल्या गोठ्यात यायचं आहे आणि तिथे हा मोह जोरात होतो.

आपल्या वशिंडवाल्या गाईचा रानटी पूर्वज म्हणजे 'बॉस नामाडिकस', नर्मदेवरून नाव पडलेला. त्याचे जीवाश्म गोदावरीच्या जुन्या गाळातही सापडले आहेत. आज कांदा आणि द्राक्ष पिकवणाऱ्या या खोऱ्यात कधीकाळी ही प्रचंड शिंगांची गुरं मोकळी चरत होती. ती पाळीव झाली मात्र इथे नाही, सिंधूच्या पश्चिमेला. बलुचिस्तानातल्या मेहरगढला सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीपासूनची हाडं आहेत आणि थरागणिक ती लहान होत गेलेली दिसतात. लहान होण्यात मेंदूही आला. युरोपातल्या रानटी बैलाच्या कवट्या आणि पाळीव गुरांच्या कवट्या २०२१ मध्ये मोजून पाहिल्या तेव्हा पाळीवांचा मेंदू देहाच्या मानाने साधारण चतुर्थांशाने कमी निघाला. त्यातही क्रम लागला. दुधासाठी रोज माणसाच्या हाताखाली असणाऱ्या गुरांचा मेंदू सगळ्यात लहान, आणि स्पेनमधल्या झुंजीसाठी राखलेल्या बैलांचा सगळ्यात मोठा. भ्यायचं कारण उरलं नाही की भीतीची यंत्रणाही झिजते, असा याचा अर्थ लावतात.

गोदावरीच्या खोऱ्यात बैल जुंपल्याचा सगळ्यात देखणा पुरावा दायमाबादचा. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे, वर उभा माणूस, हातात काठी. काळाबद्दल वाद आहेत, बहुतेक जण तो उत्तर हडप्पा काळातला मानतात. बैल अगदी शहाण्यासारखे उभे आहेत. त्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी नाशकाच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी कोरतो, त्यात तीन लाख गाई आहेत. आकडा राजेशाही फुगवट्याचा असेल, असू दे. गंमत नावाची आहे: उषवदात म्हणजे ऋषभदत्त. बैलाने दिलेला.

पण या तीन लाखांत कोणत्या गाई कशा होत्या, ते लेण्यात नाही. वाणांची नोंद फार उशिरा सुरू झाली. जोशी आणि फिलिप्स यांनी १९५३ मध्ये अन्न आणि कृषी संघटनेसाठी लिहिलेल्या पुस्तकात भारत-पाकिस्तानची गुरं गटांत मांडली, त्यात महाराष्ट्राची दोन गुरं दोन वेगळ्या गटांत पडतात. डांगी गीर गाईच्या गटात, खिल्लार म्हैसूरच्या गटात. स्वभावानेही ती दोन टोकं आहेत.

डांगी ही नाशिक जिल्ह्याची स्वतःची. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, शेजारचं अकोले: या डांगाणात पावसाळा म्हणजे चार महिने अंगावर पाण्याची धार. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे आणि दगडासारखे कठीण. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, कुठेही कसेही पडलेले. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात, वरून पाऊस चालू असताना, बांधाच्या अरुंद वळणावर हा बैल शांतपणे फिरतो. घाई नाही. चिखलणीला घाई करणारा बैल कामाचा नसतोच; तो पाय मोडून घेतो, किंवा माणसाचा मोडतो. महादेव कोळी, ठाकर, कानडी आणि मराठा कुटुंबांनी ही गुरं राखली. घोटीचा बाजार त्यांच्यासाठी ओळखला जातो, राजूरला त्यांचं प्रदर्शन भरतं.

आता मोह कुठे होतो बघा. ठिपके आहेत, स्वभाव मवाळ आहे, म्हणजे डांगी हा आपला सैबेरियन कोल्हा! तसं म्हणता येणार नाही. गीर गटातल्या अनेक गुरांच्या अंगावर पांढरं-तांबडं मिसळलेलं असतं, ते नात्यातून आलेलं आहे. डांगीच्या शांतपणासाठी ठिपक्यांची साक्ष काढायची गरज नाही. भातखाचराची साक्ष पुरते.

खिल्लार दुसऱ्या टोकाला. मुळात खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. शब्द कळपाचा, तो जातीला चिकटला. आटपाडी, म्हसवड, खरसुंडी, सांगोला हा माणदेशी कोरडा पट्टा तिचा. तापीच्या अंगाला खानदेशात थिल्लारींनी राखलेली तिची वेगळी शाखा आहे. करडा-पांढरा रंग, मागे वळलेली लांब शिंगं, घट्ट पातळ कातडी, आणि डोळ्यांत कायम एक सावधपणा. अनोळखी माणूस जवळ आला की खिल्लार फुरफुरतो. मालकाच्या घरच्या बाईमाणसाच्या हाताने खाईल, पाहुण्याला शिंग दाखवेल.

ही आग दक्षिणेतून आली असं मानतात. म्हैसूरच्या राजांची 'बेण्णे चावडी' म्हणजे लोण्याचं खातं होतं, गाई राखणारं. हैदर अली आणि टिपू यांनी ते लष्कराचं करून टाकलं. टिपूने त्याला अमृतमहाल नाव दिलं. तोफा ओढायच्या आणि रसद पळवायची तर ढिला बैल चालत नाही. गुरं राखीव कुरणांत जवळजवळ रानटी वाढू दिली जात, मग पकडून जुंपणीला शिकवली जात. चपळाई, दम, पोलादी पाय हवे होते. लाडिकपणा कोणी मागितला नव्हता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि हे खातं इंग्रजांकडे गेलं. चारच वर्षांनी आर्थर वेलस्ली अहमदनगरचा किल्ला आणि मग असईची लढाई जिंकत दख्खनेत फिरत होता तेव्हा त्याच्या पत्रांत शत्रूइतकीच चिंता बैलांची असते. म्हैसूरच्या बैलांवर तो खूश होता. आपण ती लढाई तोफांची म्हणून शिकतो. तोफा बैल ओढत होते.

इथे एक कोडं पडतं. बैलाला हजारो वर्षं माणसाशेजारी राहायचं आहे, मग शेतकऱ्याने खिल्लारचा तापटपणा निवडून निवडून संपवला का नाही? सैबेरियात दहा पिढ्यांत जे झालं ते माणदेशात शेकडो वर्षांत का झालं नाही?

माझ्या मते उत्तर सुरीत आहे. किंवा सुरीच्या आधी दगडात आणि आता चिमट्यात. खोंड खच्ची केला की त्याच्यातलं नराचं संप्रेरक आटतं, मान ताठ राहते पण डोकं थंड होतं. आपण ज्याला बैल म्हणतो तो जन्माला येत नाही, बडवून केला जातो. याचा एक परिणाम आपण सहसा लक्षात घेत नाही. गावातला सगळ्यात गुणी, सगळ्यात समजूतदार बैल, ज्याच्या मरणाला घरातली माणसं रडतात, त्याला वंश नसतो. त्याचा शहाणपणा त्याच्याबरोबर जातो. आणि तापट नर खच्ची करून शांत करता येत असेल तर तापटपणा वाणातून काढायची निकड कोणाला? सुरी आणि वेसण मिळून दर पिढीत नव्याने काम भागवतात. त्यांच्यामुळेच खिल्लार एकाच वेळी तिखटही राहू शकला आणि औतालाही लागू शकला. वेसणीने वाणाची आग टिकवून ठेवली, असं म्हटलं तरी चालेल.

मग निवड करत होतं कोण? औतकरी नाहीच. ज्याच्याकडे गाई होत्या आणि ज्याने एखादा खोंड न बडवता ठेवला तो: माणदेशातला गुराखी, डांगाणातला कानडी. आणि गाव. मेलेल्या माणसाच्या नावाने वळू सोडायचा, वृषोत्सर्ग करायचा, ही जुनी चाल. विष्णुस्मृतीत सोडायचा वळू कसा असावा ते सांगितलं आहे. तो अव्यंग असावा, आणि ज्या गाईला भरपूर दूध आहे, जिची वासरं जगतात, तिचा असावा. म्हणजे परीक्षा आईची. परलोकाच्या हिशेबात गुंडाळलेली ही पक्की पशुपैदास आहे. स्पेनमध्ये झुंजीचे बैल पैदा करणारेही आईकडेच बघतात. तिथे दोन वर्षांच्या कालवडींची परीक्षा घेतात, घोडेस्वाराच्या भाल्याला ती किती वेळा परत अंगावर येते ते मोजतात, आणि सगळ्यात चिवट कालवडी वंशासाठी राखतात. आपण मारकी गाय बाजारात नेतो, ते तीच घरी ठेवतात. पद्धत एक, दिशा उलटी.

बाजारात घेणारा दात बघतो: आदत, दुसा, चौसा, जुळला. मग भोवरे बघतो. कपाळावर केस गोल फिरतात तो भोवरा कुठे आहे, एक आहे की दोन, त्यावरून लाभाचा की हानीचा ठरतो. शिकलेली माणसं याला हसतात, आणि पाठीवरच्या भोवऱ्यावरून मालकाचं मरण सांगणाऱ्याला हसावंच. पण १९९५ मध्ये टेंपल ग्रँडिन या अमेरिकन संशोधिकेने सुमारे दीड हजार गुरं शिकंजात घेऊन पाहिली, तेव्हा ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता ती जास्त बिथरली. गर्भात कातडी आणि मेंदू एकाच थरातून घडतात, केसांची दिशा मेंदू घडतानाच ठरते, असं तिचं स्पष्टीकरण. नंतरच्या सगळ्या तपासण्यांत हे तितकंच नीट दिसलं नाही. तरी कपाळाकडे बघणारा तो म्हातारा शेतकरी निदान योग्य ठिकाणी बघत होता.

ही सगळी जुनी निवड गेल्या साठेक वर्षांत दोन बाजूंनी बदलली.

एक बाजू दुधाची. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला 'बाएफ' सुरू केली आणि संकरित गाय खेड्यापाड्यांत पोचली. नाशिक-नगरच्या कित्येक घरांची शाळेची फी त्या गाईने भरली आहे, तिला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण कृत्रिम रेतनाने एक गोष्ट गुपचूप बदलली: गावात वळू उरला नाही. वळू आता उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये कांडीत असतो. कांडी कोणाला शिंग मारत नाही. होल्स्टीन गाय अगदी गरीब, पण त्या जातीचा नर जगभर धोकादायक म्हणून ओळखला जातो. आपल्याला तो कधी दिसतच नाही. ज्याच्यासोबत राहावं लागत नाही त्याचा स्वभाव कोण तपासणार?

आणि जे तपासलं जात नाही तेही बदलत असतंच. अमेरिकेत विल्यम म्युअर यांनी कोंबड्यांवर केलेला प्रयोग इथे आठवावा. सगळ्यात जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी निवडत गेलं की बऱ्याचदा शेजारणींना टोचून मागे सारणारी दांडगट कोंबडी निवडली जाते, हा धोका त्यांनी ओळखला. त्यांनी एकेक कोंबडी न निवडता अख्खा पिंजरा निवडला, ज्या पिंजऱ्यात सगळ्या मिळून जास्त अंडी देतात तो. चोच न कापता एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांची वर्षाची मर ६८ टक्क्यांवरून दोन पिढ्यांत ९ टक्क्यांच्या आत आली. अंडी मोजता मोजता त्यांनी भांडण मोजलं होतं.

दुसरी बाजू शर्यतीची. २०११ मध्ये केंद्राने खेळ-प्रदर्शनासाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि शर्यती बंद केल्या, तेव्हा एक मुद्दा असा होता की बैलाची शरीररचनाच घोड्यासारखी पळण्याची नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ला शर्यतींना परवानगी मिळाली, १८ मे २०२३ला घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. क्रूरतेचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. चाबूक, टोचणी, शेपूट चावणं हे सगळं घडलेलं आहे. पण 'बैल पळतो का' या प्रश्नाला कोणता बैल, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. डांगीला पळवणं हा अन्याय आहे. खिल्लारच्या मागे पळण्यासाठीच झालेली निवड आहे, टिपूच्या कुरणांपासूनची.

शर्यती परत आल्या आणि पाठोपाठ निवडही आली, पूर्वीपेक्षा धारदार. पूर्वी खिल्लारला पळायचंही होतं आणि नांगरही ओढायचा होता. नांगराचं काम ट्रॅक्टरने घेतल्यावर एकच कसोटी उरली. नाव मिळवलेल्या बैलाकडे लांबून गाई येतात, त्याची वासरं जन्मायच्या आधी बोलली जातात. त्याची धाव तुम्ही रीलमध्ये पाहिलेली असते. जुन्या बैलांची नावं सर्जा-राजा, ढवळ्या-पवळ्या, कपाळावर पांढरं असेल तर चांद्या. आजच्या सगळ्यात गाजलेल्या शर्यतीच्या बैलाचं नाव बकासुर आहे. शर्यतीच्या खोंडाला सहसा बडवतही नाहीत, कारण ती आगच हवी असते, आणि जिंकला की वंशही त्याचाच चालतो. म्हणजे ज्या सुरीने आग त्या त्या पिढीपुरती विझवली जायची, ती मधून निघून गेली. पुढची दहा पिढ्यांची वासरं कशी निघतील याचा अंदाज सैबेरियाच्या त्या दुसऱ्या, जाळीवर झेपावणाऱ्या कळपावरून करावासा वाटतो. पण फरकही आहे: कोल्ह्यांमध्ये फक्त राग निवडला होता, इथे वेग निवडला जातोय, राग त्याच्यासोबत किती येईल ते अजून कोणी मोजलेलं नाही. मोजायला हवं, कारण ही वासरं पिंजऱ्यात नाहीत, गोठ्यात आहेत, आणि त्यांना पाणी दाखवायला घरातली पोरंच जातात.

डांगीच्या वाट्याला असा कोणी चाहता नाही. तिचं दूध बेताचं, धाव नाही, ट्रॅक्टर न पोचणाऱ्या खाचरांत आता पॉवर टिलर पोचतो. कालवडीच जन्माव्यात म्हणून वेगळी केलेली रेतमात्रा आता मिळते, त्यात गोऱ्हा होण्याची शक्यता दहात एक. घोटीच्या बाजाराला येणारे काही कानडी आणि ठाकर अजून एखादा खोंड बडवायचा ठेवून देतात, आईचं दूध आणि स्वतःची नजर यांच्या भरवशावर. पावसात उभा राहील, चिखलात फिरेल आणि पोराच्या हाताने चरायला जाईल, अशा आईचा.